खिंडफाट्यावरचा आरसा

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. "चालक महिलेने समोरील आरशाकडे दुर्लक्ष केले" हे वाक्य तुमचं, खालची सही तुमची, शिक्का तुमच्या कचेरीचा. तिने दुर्लक्ष केलं नव्हतं. तिने गाडी थांबवली, आरशात नीट बघितलं, जे दिसलं ते खरं मानलं आणि मगच पुढे घेतली. तुम्ही टांगलेल्या वस्तूवर तिने विश्वास ठेवला, तिचा गुन्हा असलाच तर एवढाच.

तुमचं नाव मी लिहीत नाही. भितो म्हणून नव्हे. तुमच्या खुर्चीत तुमच्यामागून तीन जण बसून गेले आणि तिघांनीही ते वाक्य फायलीत जपून ठेवलं, म्हणून.

आरसा लागला तो दिवस ऊस-गाळपाच्या हंगामातला. माझी पहिली पाळी सुटली होती. मी तालुक्याच्या गावी भांड्यांच्या कारखान्यात कामाला होतो, बफिंगला. फिरत्या चाकावर कापडाचा गोळा, त्याला पॉलिशचा साबण, आणि आठ तास ताटं-पराती घासायच्या. नाकातून काळं निघायचं. शाळा सातवीला सुटलेली, पण वाचायची खोड होती. रद्दीतून दहावीचं विज्ञानाचं पुस्तक आणून मी दोनदा वाचलेलं.

आमच्या गावचा रस्ता खिंडीतून येतो आणि मोठ्या रस्त्याला काटकोनात मिळतो. दोन्ही अंगाला कातळ. मोठ्या रस्त्यावर चाक घातल्याशिवाय उजवीकडचं दिसत नाही की डावीकडचं. वर्ष-दोन वर्षाला तिथं माणूस जायचा. गावाने अर्ज केले, रस्ता अडवला, आणि शेवटी तुम्ही मोठ्या रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, खिंडीच्या बरोबर समोर, खांब रोवून दोन फुटांचा गोल स्टीलचा आरसा बसवलात. फीत कापली, फोटो काढून वर पाठवलात.

मी सायकलवरून आलो तेव्हा फाट्यावर वीस-पंचवीस माणसं उभी होती आणि सगळी हसत होती. खिंडीच्या तोंडाशी आक्काची वडाप उभी. आक्का म्हणजे शेवंता, माझी थोरली बहीण. दाजींचा मणका गेल्यापासून त्यांची ही सहा आसनी वडापची रिक्षा तीच चालवायची. गावातनं तालुक्याला दिवसाला चार खेपा. पहिल्या वर्षी लोक तिच्या गाडीत बसायला कचरायचे. तिसऱ्या वर्षी तिची गाडी चुकली तर दुसरीत बसत नव्हते.

"सर्जा, ये, बघ," ती स्टिअरिंगवर हात टाकून म्हणाली. "सरकारनं ट्रकला शीर्षासन शिकवलंय."

मी आरशात बघितलं. लांबून एक उसाचा ट्रक येत होता. चाकं वर, टप खाली, आणि रस्ता आभाळासारखा वरच्या काठाला चिकटलेला.

"माझी म्हस आभाळात चालतीया," एक म्हातारा म्हणाला. "आता धार कुठं बसून काढू?"

"शिडी घ्या आबा," आक्का म्हणाली. "सरकारकडं अर्ज करा शिडीचा."

पुन्हा हशा. मीही हसलो. आरसा जवळून बघावा म्हणून मी सायकल तिच्या गाडीला टेकवली आणि रस्ता ओलांडायला निघालो. आरशाच्या डाव्या अर्ध्यात एक लाल एसटी दिसत होती. मी डावीकडे बघत पाऊल टाकलं. डावीकडे कुणी नव्हतं. एसटी उजवीकडून आली आणि तिचा वारा माझ्या सदऱ्यातून गेला. आक्काने मागून माझी कॉलर धरून ओढलं नसतं तर हे लिहायला मी नसतो.

"आंधळा झालास व्हय रं?"

"आक्का, ती आरशात डावीकडं होती."

"उलटं दाखवतोय म्हटल्यावर उलटंच दिसणार की."

"वर-खाली उलटं नव्हं. डावं-उजवं बी उलटं झालंय."

"बरं, तुझं डोकं तेवढं सुलटं कर आणि घरी जा. आईनं भाकरी झाकून ठेवलीय."

कुणाच्याच ते डोक्यात शिरलं नाही. उलटा ट्रक सगळ्यांना दिसत होता, त्याची गंमत वाटत होती. बाजू बदललेली मात्र कुणाला दिसत नव्हती, कारण तिच्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मी खांबाच्या मागे जाऊन आरशाची पाठ बघितली. करडी, खरखरीत, लेथच्या गोल रेघा तशाच. मी बोटाने त्या रेघा चाचपल्या आणि तडक घरी निघालो. त्याचं कारण त्या दिवशी मी कुणाला सांगितलं नाही. आईने झाकलेली भाकरी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी खाडा करून मी तुमच्या कचेरीत आलो. तुम्ही चहा पीत होता. मी पिशवीतून आमटीचा डाव काढून टेबलावर ठेवला.

"भांडी विकायला आलास का?"

"नाही साहेब. खिंडफाट्याच्या आरशाचं काम आहे. एक मिनिट या डावात बघा. आतल्या बाजूला. आणि पेन जरा तुमच्या डावीकडं धरा."

तुम्ही चांगल्या मूडमध्ये होता. तुम्ही बघितलंत.

"पेन कुठं दिसतंय?"

"उजवीकडे. आणि मी उलटा. लहानपणी आम्हीपण हे धंदे केलेत." दाराशी उभा शिपाई तुमच्याबरोबर हसला.

"आता डाव पालथा करून पाठीत बघा."

"सरळ दिसतोय. बारीक दिसतोय. पेन डावीकडे. मग?"

"साहेब, फाट्यावरचा आरसा डावाच्या पोटासारखा बसलाय. तो पाठीसारखा पाहिजे. फुगीर बाजूवर पडलेला उजेड बाहेर फाकतो, म्हणून चित्र लहान होतं, पण सरळ राहतं, ज्याची त्याची बाजू राहते. खोलगट बाजूवरून आलेला उजेड पुढे एका जागी गोळा होतो आणि एकमेकाला ओलांडून जातो. वरचं खाली, डावीकडचं उजवीकडं. खिंडीतनं येणाऱ्याला उजवीकडची गाडी डावीकडं दिसणार. आणि आमची माणसं तालुक्याला जायला डावीकडं वळतात. उजवीकडनं येणारी गाडी त्यांच्याच अंगावर येते."

तुम्ही चहा संपवलात. कपाटातून एक फाइल काढायला लावलीत. त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून मला वाचून दाखवलीत.

"वक्र आरसा, स्टील, व्यास दोन फूट, चकाकी उत्तम. आता सांग. वक्र आहे?"

"आहे."

"स्टील आहे? दोन फूट आहे? चकाकी?"

"आहे साहेब. पण कुठल्या अंगानं वक्र?"

"ते लिहिलेलं नाही. जे लिहिलेलंच नाही, ते चुकलं असं म्हणता येत नाही. आणि हा आरसा मी स्वतः पास केलाय. कारखान्यात जाऊन. माझा चेहरा त्यात लख्ख दिसला होता. उलटाबिलटा काही नव्हता."

"मला माहीत आहे साहेब. तो तुमच्यापुढं धरला होता तो मीच."

तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलंत.

आता ऐका, तुम्ही विसरला असाल तर. ठेकेदाराने आरसा आमच्या मालकाकडून, गुलाबशेठकडून करून घेतला. रस्त्याच्या आरशाचा साचा आमच्याकडे कुठला? शेठने मोठ्या परातीचा साचा लेथला लावला आणि त्यावर पत्रा ओढून घेतला. काठ कापला की झाला आरसा. मग ती तबकडी माझ्याकडे आली. शेठ लांबूनच ओरडला, "सर्ज्या, आरशासारखी घास." भांड्याच्या कारखान्यात चकाकी आत असते, साहेब. माणूस कणीक आत मळतो, भात आत वाढतो, दुकानात भांडं उचलून आत बघतो. बाहेरची बाजू चुलीवर काळीच व्हायची. वयाच्या सोळाव्या वर्षापासून मी आतच घासत आलो होतो. समोर परातीसारखी वस्तू आली, मी परातीसारखी घासली. दोन तास घासली. मन लावून घासली. इतकी चकाकी त्या कारखान्यातून कधी बाहेर गेली नसेल.

आणि तुम्ही आलात, ती माझ्या हातातून आपल्या तोंडासमोर ओढलीत आणि मिशीवर बोट फिरवलंत. एवढ्या जवळ धरला की असा आरसा चेहरा सरळच दाखवतो, वर मोठाही दाखवतो. दाढीचे आरसे तसेच असतात. तुम्हाला तुमचा चेहरा मोठा दिसला आणि तुम्ही खूश झालात. चार पावलं मागे सरला असता तर स्वतःला उलटं लटकलेलं बघितलं असतं. रस्त्यावरचा माणूस आरशाला नाक लावून बघत नाही, तो लांबून बघतो. मी तिथेच उभा होतो. मलाही मागे सरायचं सुचलं नाही. घासलेल्या मालाचं कौतुक चाललं होतं, मी ते ऐकत उभा होतो.

हे सगळं मी तुम्हाला त्या दिवशी सांगितलं. मिशीचं तेवढं वगळून.

"म्हणजे घासला तू," तुम्ही म्हणालात. "मग चूक तुझी. तसं लिहून देतोस?"

"देतो."

"विचार कर. उद्या तुझ्यावरच उलटेल."

"उलटू द्या. पण आरसा उतरवा. मला एक दिवस द्या, मी बाहेरची बाजू घासून देतो. मजुरी नको."

मी तिथेच बसून लिहिलं. चूक कशी झाली, कुणाकडून झाली, काय दिसतं, काय दिसायला पाहिजे, आणि आरसा तसाच राहिला तर माणूस मरेल. डावाचं चित्रही काढलं. शिपायाने शिक्का मारून एक प्रत माझ्या हातात दिली. तुम्ही अर्ज ट्रेमध्ये ठेवलात.

"पुढच्या आठवड्यात मोठे साहेब पाहणीला येतायत. ते येऊन गेल्याशिवाय त्या आरशाला हात लावता येणार नाही."

"तोवर कुणी मेलं तर?"

"अपशकुन बोलू नकोस. जा आता."

डाव घेऊन मी बाहेर पडलो.

गुलाबशेठला माझ्या आधी बातमी पोचली होती. सकाळी कामावर गेलो तर तो माझ्या चाकाजवळ उभा.

"लिहून दिलंस म्हणे."

"माझं लिहून दिलं. तुमचं नाव नाही घातलं."

"मोठा धर्मराज लागून गेलास. सर्ज्या, परात वाकडी निघाली तर मी परत घेतो. सरकारात गेलेला माल परत येत नाही रे. आला तर माझी कातडी सोलून येतो. गप पराती घास."

मी गप पराती घासल्या. पण त्या दुपारी पाळी सुटल्यावर एक जाड गोणपाट, सुतळी आणि शेजाऱ्याची शिडी घेऊन फाट्यावर गेलो. आक्काने शिडी धरली.

"सावकाश रं. पडलास तर दाजीशेजारी दुसरी खाट टाकायला घरात जागा न्हाई."

"तू शिडी धर, खाटेचं नंतर बघू."

"आणि कुणी इचारलं तर?"

"सांग, आरशाला दृष्ट लागू नये म्हणून झाकलाय."

मी आरशावर गोणपाट चढवलं, मागून आवळून गाठ मारली. खाली उतरून फाट्यावर थांबलेल्यांना, वडापवाल्यांना, ट्रॅक्टरवाल्यांना, सगळ्यांना ओरडून सांगितलं. शब्द न् शब्द आठवतोय. "गोणपाट आहे तोवर इथं आरसा नाही असं समजा. खाली उतरून बघा, मग गाडी काढा. तो दुरुस्त झाला की गोणपाट निघंल. मग खुशाल बघा."

आक्काने मान हलवली. "ऐकलं का सगळ्यांनी? आमचा भाऊ आता इंजिनेर झाला."

सहा दिवस सगळं नीट चाललं. हे मुद्दाम लिहितो, कारण तुमच्या अहवालात हे सहा दिवस नाहीत. आक्का खिंडीच्या तोंडाशी गाडी थांबवायची. कुणीतरी उतरायचं, बहुतेक वेळा ठकूमावशी. ठकूमावशी आमच्या शेजारची, एकटी बाई, तालुक्याला दवाखान्याच्या खानावळीत पोळ्या लाटायला जायची आणि रोज पुढच्या सीटवर बसायची. ती रस्त्याच्या कडेला उभी राहून दोन्हीकडे बघायची, पदर कमरेला खोचून पोलिसासारखा हात करायची. मागची पोरं शिट्ट्या मारायची. "पगार किती हो मावशी?" "तुझ्या बापाला इचार, तोच देतोय," ती म्हणायची. आरशाशिवाय, फुकट, एका पोळ्या लाटणाऱ्या बाईने तुमचं काम सहा दिवस चोख केलं.

सातव्या दिवशी धुकं होतं. मी सहाला सायकल मारत कामावर गेलो तेव्हा हातावरचं दिसत नव्हतं. खिंडफाटा ओलांडताना खांब तेवढा दिसला. त्याच्या माथ्याकडे मी बघितलं नाही. बघितलं असतं तरी काही दिसलं असतं की नाही, देव जाणे. ते गोणपाट आदल्या दिवशी संध्याकाळीच निघालं होतं. एक सरकारी जीप आली, दोन माणसांनी शिडी लावली, गोणपाट काढून जीपमध्ये टाकलं आणि फडक्याने आरसा पुसला. त्यांना बघणारा एकच, रस्त्याकडेचा चहावाला. त्याने तेव्हा कुणाला सांगितलं नाही, मला अपघातानंतर सांगितलं. सांगण्यासारखं काय होतं त्यात? सर्जा म्हणालाच होता, दुरुस्त झाला की निघेल.

साडेआठच्या सुमारास शेठने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतः माझं चाक बंद केलं. तो माणूस कधी चाक बंद करत नाही.

"फाट्यावर जा. नको, दवाखान्यात जा. बहिणीकडं."

ठकूमावशी जागीच गेली होती. साखर कारखान्याचा मळीचा टँकर. वडाप मोठ्या रस्त्यावर डावीकडे वळत होती, टँकर उजवीकडून आला आणि पुढच्या सीटच्या बाजूने घासत घेऊन गेला. मागच्या तिघांना खरचटलं. आक्काचं गळपट्टीचं हाड आणि उजवा हात मोडला होता. मी गेलो तेव्हा ती शुद्धीवर होती. खाटेच्या पायाशी एक हवालदार बसून लिहीत होता.

"सर्जा, मावशी कुठाय?"

"बाजूच्या वॉर्डात."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने तोंड फिरवलं. तिला कळलं होतं.

हवालदाराने विचारलं, "बाई, टँकर कुठल्या बाजूने येत होता?"

"डावीकडनं."

"उजवीकडून आला तो."

"डावीकडनं येत होता. मी बघितला. गोल, दोन पिवळे दिवे. पलीकडच्या अंगानं येत होता, माझी बाजू मोकळी होती. म्हणून तर काढली गाडी."

हवालदाराने माझ्याकडे बघून बोट कानशिलाजवळ फिरवलं. मार लागलाय, असं.

मी सगळं समजलो होतो. ट्रक असता तर तिला टप खाली दिसला असता आणि ती थांबली असती. धुक्यात टँकरची केबिन हरवली, गोल टाकी आणि दिवे तेवढे उरले. गोल वस्तू उलटी झाली तरी गोलच. आणि धुक्यात रस्ता आणि आभाळ एकाच रंगाचं. उलटं असल्याची एकही खूण उरली नव्हती. उरली होती ती फक्त बदललेली बाजू. समजलं नव्हतं ते एवढंच, की ती त्या आरशात बघत का होती. मला राग आला. मोडक्या हाताच्या बहिणीवर मी खेकसलो.

"आक्का, आरशात बघायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना? मावशीला उतरवलं का न्हाईस?"

"उतरत होती ती," आक्का म्हणाली. "पाय खाली टाकला होता तिनं. मीच म्हटलं, बसा मावशी, थंडीत कशाला, आता आरसा झालाय."

"झालाय म्हणून कुणी सांगितलं तुला?"

ती छताकडे बघत होती. आवाजात तक्रार नव्हती. चूक कुठे झाली ते ती खरोखरच शोधत होती.

"गोणपाट काढलं होतं की रं. तूच म्हणालास."

हवालदाराने लिहिणं थांबवलं नाही. पण तेवढं वाक्य त्याने लिहून घेतलं नाही. मी त्याला म्हटलं, "हे लिहा." तो म्हणाला, "गोणपाटाचा काय संबंध?"

मोठ्या साहेबांची पाहणी चार दिवस पुढे ढकलली. तेवढ्यात तो आरसा रातोरात नव्हे, भर दुपारी, सगळ्यांसमोर उतरला आणि दुसरा लागला. फुगीर बाजू पुढे असलेला, बाजारातला तयार. कागदावर लिहिलंत, "नियमित देखभाल." त्यानंतर झालेल्या पंचनाम्यात लिहवून घेतलंत, "आरसा सुस्थितीत, चकाकी उत्तम." खरंच होतं ते. पंचनाम्याचा आरसा दुसराच होता.

कोर्टात मी डाव घेऊन गेलो. पोलिसाने दारातच काढून घेतला, म्हणाला, हत्यार आत नेता येत नाही. माझ्या अर्जाची शिक्क्याची प्रत आमच्या वकिलाने दाखवली. तुमच्या बाजूच्या सरकारी वकिलाने विचारलं, यात ज्या आरशाचं वर्णन आहे तो कुठे आहे? जागेवर जो आहे तो तर बरोबर आहे. मग तो आक्काकडे वळला.

"बाई, टँकर कुठल्या बाजूने आला?"

मी तिला महिनाभर समजावलं होतं. आरशात डावीकडं दिसला, आला उजवीकडनं, असं सांग. ती उभी राहिली, मोडका हात दुसऱ्या हाताने धरला आणि म्हणाली, "मी डावीकडनं येताना बघितला. जे बघितलं ते सांगते. शपथ घेतलीय."

कोर्टात कुणीतरी हसलं. टँकरवाला, मागच्या सीटवरची पोरं, चहावाला, सगळ्यांनी उजवीकडून सांगितलं. सगळे खरं बोलत होते. तीही खरं बोलत होती. निष्काळजीपणाबद्दल तिला सहा महिन्यांची कैद झाली, परवाना गेला, वडाप विकली.

ती बाहेर आली तेव्हा मी तिला पुन्हा सगळं सांगितलं. डाव दाखवला. मी घासलेली बाजू, माझी गाठ, माझे शब्द, काही राखलं नाही. तिने डावात बराच वेळ बघितलं. डाव्या हाताचं बोट एकदा इकडे, एकदा तिकडे केलं.

"म्हणजे मी बघितलं होतं," ती म्हणाली.

"बघितलं होतंस."

"मग त्यांनी तसं का न्हाई लिहिलं?"

याला सोळा वर्षं झाली. अजून मोठा रस्ता ओलांडायचा असला की ती माझं मनगट धरते. दोन्हीकडे बघते, कुणी येत नसतं, तरी पाऊल टाकत नाही. "सर्जा, खरंच न्हाई ना कुणी?" विचारते. जी बाई दिवसाला चार खेपा करायची, तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास तुम्ही काढून घेतलात. ठकूमावशीचं तर कुणी विचारणारंच नव्हतं. तिच्या घराला गावाने कुलूप लावलं, किल्ली आमच्याकडे आहे.

माझ्या वाट्याचं मी लपवलेलं नाही. आरसा मी घासला. गोणपाट निघालं की विश्वास ठेवा, हे मी ओरडून सांगितलं. त्या ओरडण्याने एक बाई मेली आणि दुसरी जिवंतपणी आंधळी झाली. हे मी कुठेही, कुणापुढेही बोलायला तयार आहे. तुमच्या वाट्याचं विचारलं तर तुमची कचेरी कळवते, "गोणपाट काढण्याबाबत कोणतीही नोंद आढळून येत नाही." तीनदा विचारलं, तीनदा हेच. जीप आली, शिडी आली, दोन माणसं आली, आणि नोंद नाही.

ठीक आहे. माणसांची नावं नका सांगू, त्यांनी हुकूम पाळला. मोठ्या साहेबांना झाकलेला आरसा दिसू नये म्हणून काढलं असणार, तेही मला कळतं. मला एवढंच सांगा. त्या संध्याकाळी माझा अर्ज तुमच्या टेबलावर, तुमच्या ट्रेमध्ये होता. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की या आरशाने माणूस मरेल. तो वाचून जीप पाठवलीत, की न वाचता?